ओढ्याकाठची जागा

प्रिय मक्सातदादा,

ओढ्याचा काठ ढासळून खालच्या वस्तीत गाळ शिरतो, म्हणून पाणी समितीने तुझ्या घरासाठी राखलेली काठावरची जागा झाडं लावायला मागितली. आई समितीच्या चोरोबेककाकांना म्हणाली, "पोरगा मॉस्कोहून आला की राहील कुठे? ओढ्यात?"

तू फोनवर हसलास. "देऊन टाक. मी कुठे आताच येतोय?"

हे मी आईला सांगितलं नाही. माझी जर्दाळूची बाग तुझ्या घरासाठी देऊ केली, तेव्हा कुठे आई ती जागा सोडायला तयार झाली.

समितीने लावलेली झाडं आता मोठी झालीत. यंदा पूर आला, पण काठ हलला नाही. आईने काकांना बोलावून चहा-नान दिलं. "झाडांनी काठ चांगला धरलाय हो," म्हणाली.

हे पत्र पाठवणार नाही. बागेचं कळलं तर माझी बाग जायला नको म्हणून तू घर बांधणारच नाहीस, आणि मला तू शेजारी हवा आहेस.

तुझीच,
बेरमेत