फुलीला दांडी

इंदूर, ८ जून २०२५

चि. विश्वेश यास शामकाकाचे अनेक आशीर्वाद.

कानाच्या यंत्रातून फोनवर तू भजी तळल्यासारखा ऐकू येतोस, म्हणून कागदच बरा. संपदाकडे माझी बडदास्त उत्तम आहे, पण लेक अजून फुगलेली आहे. आपली जुनी सायकल, फुली, इंदूरला आणायचा तिचा हट्ट होता. मी म्हटलं, विश्वेशचं अंबडला वर्कशॉप आहे, त्याच्या हाताला लोखंड कळतं, फुली त्याच्याकडेच राहील.

मुलांना दाखवताना सांग, जगात सायकल नवी निघाली होती तेव्हा तिचा सांगाडा कसा असावा हे ठरलंच नव्हतं. कुणी बांबू जोडले, कुणी सीटऐवजी झोळी टांगली. फुलीत हँडलपासून मागच्या चाकाकडे एक तिरकी नळी, आणि तिला छेदत सीटपासून पायडलकडे दुसरी, म्हणून नाव फुली. पुढे दोन त्रिकोणांचा सांगाडा भक्कम ठरला आणि बाकीचे भंगारात गेले. ही मला भद्रकालीत भंगारातच सापडली.

दिवाळीला येतो. माया आहे तशीच राहू दे.

शामकाका

नाशिक, २० जून २०२५

ती. शामकाकांस विश्वेशचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. फुलीची काळजी नसावी, दर रविवारी तेलपाणी करतो. परवा दांडी पुसत होतो तर वैष्णवी म्हणाली, बायकोपेक्षा हिचेच लाड जास्त. संपदाताईचा रुसवा काढायला चिवडा पाठवतोय. तुम्ही मात्र तिखट खाऊ नका. वैष्णवीचा आणि मुलांचा नमस्कार. आमच्यावरचं प्रेम वाढतं असू द्या.

आपला विश्वेश

इंदूर, २ जुलै २०२५

चि. विश्वेश यास अ. आ.

चिवडा पोचला, संपला. आता सांग, कोणती दांडी?

सीटपासून हँडलपर्यंत आडवी दांडी फुलीला नाहीच. तेवढ्यावरून तुझे वडील मला आयुष्यभर बायकांच्या सायकलवाला म्हणून चिडवत. एक नळी जोडून घे रे, म्हणायचे. मी कधी जोडली नाही. म्हणजे तू तिच्याकडे फिरकलाही नाहीस! आळशी आहेस ते माहीत होतं. थापाड्या कधी झालास? खरं काय ते लिही. कान दिवाळीत ओढीन.

शामकाका

नाशिक, १२ जुलै २०२५

ती. काकांस सा. न. वि. वि.

काका, दांडी आहे. मी लावली.

दिंडोरीच्या एका वायनरीचं टाक्यांच्या स्टँडचं काम मला हवं होतं. मालक घरी आले, त्यांना फुली आवडली. पर्यटकांना फोटोसाठी दारात ठेवायला मागितली. तुम्ही इंदूरला गेलात आणि मी ती देऊन टाकली. लोक दोघं-दोघं बसायचे, तिरकी नळी वाकली. मग मी आडवी नळी वेल्ड केली. त्यांनी पांढरा रंग देऊन पुढे फुलझाडांची टोपली अडकवली. पत्र लिहिताना तीच डोळ्यांपुढे होती, म्हणून हातून दांडी लिहिली गेली.

उद्याच परत आणतो, दांडी कापून काढतो. कळणारही नाही. बाबा गेल्यावर तुम्हीच आहात. मारा हवं तर, पण दिवाळीला या.

तुमचा विश्वेश

इंदूर, २१ जुलै २०२५

श्री. विश्वेश गायधनी यांस स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. दांडी कापू नये. कापल्याने जोडाचे व्रण तेवढे राहतील. आता ती चारचौघींसारखी सायकल झाली आहे. जिथे आहे तिथेच असू द्यावी.

नळी वाकली त्या दिवशी कळवलं असतंत, तर मी गाडीत बसून आलो असतो. आपण दोघांनी ती तापवून सरळ केली असती. वाकलेलं लोखंड कसं तापवायचं हे आपण माझ्याकडेच शिकलात. संपदाला अजून काही बोललेलो नाही. विश्वेशला लोखंड कळतं, हे माझं वाक्य तिच्यासमोर परत कसं घ्यावं, सुचत नाही.

दिवाळीला येणं होणार नाही. माझ्या फ्लॅटची किल्ली आपल्याकडे आहे. ती शेजारच्या सुनीलरावांकडे द्यावी.

कळावे.

शामसुंदर गायधनी