मायनरला घाम येतो

२ एप्रिल, सकाळी
आमच्या मायनर गाडीखाली आज पुन्हा ओलं. ताटाएवढं. रुवन म्हणतो, अम्मा, रेडिएटर गळतोय. मुलगा माझा बँकेत आहे, शिकलासवरलेला, पण गळणं आणि घाम येणं यातला फरक कळत नाही. छप्पर गळतं. गाडीला घाम येतो. त्रेसष्ट वर्षांची आहे ती. मी चौऱ्याहत्तरची, मला नाही येत? मला कुणी विकायला काढलंय का?

यावरून जुंपली. यांच्या हातची गाडी, हे गेले तरी मी दिली नाही, आता देईन? शेवटी ठरलं असं: चौदाला आमचं नवं वर्ष लागतं, त्यानंतर कामाला निघायचा मुहूर्त येईल त्या दिवशी मी मायनर घेऊन कडुगन्नावचा घाट चढायचा, वर अक्काच्या घरापर्यंत. न थांबता चढली तर विकायचं नाव काढायचं नाही. थांबली तर कँडीचा वीरकोडी, तो लग्नाला गाड्या देतो, तो घेऊन जाणार. रुवनने कॅलेंडरवर लिहिलं, मी सही केली. सही माझी झकास येते. शाळेत तीनच वर्षं गेले, त्यातलं एक सहीतच गेलं.

५ एप्रिल
सुगतपाल मेकॅनिक येऊन गेला. रेडिएटरच्या बुडाला बोट लावून म्हणाला, अम्मे, चाळण झालीय, नवीन जाळी बसवा. म्हटलं, तुझ्या दातांची झालीय चाळण, ते आधी बसव. हसला मेला. फटीत साबण चोळून गेला. जेवणापर्यंत कोरडं! चार वाजता पुन्हा ताट. पण आधीपेक्षा लहान ताट.
उद्यापासून रोज पहाटे गाडी पुसायची. ठरलं म्हणजे ठरलं.

६ एप्रिल
पुसली नाही. गुडघा.

७ एप्रिल
उपाय सापडला! बसवाला सिरिल म्हणाला, रेडिएटरमध्ये हळद टाका, जाऊन भोकात बसते. आता सरकारने परदेशातून हळद आणणं बंद केल्यापासून हळद म्हणजे केशर. सूनबाई दिल्हानी तिची डबी कुलपात ठेवते. मग मीच मावनेल्लच्या बाजारात गेले. एका गोड माणसाने किलोभर दिली, तीसुद्धा स्वस्तात. याच बाजाराच्या मैदानात यांनी मला गाडी शिकवली. पहिल्याच दिवशी मी मडक्यांच्या दुकानात घातली होती. पण थांबवली नाही!
दिल्हानीने चमचाभर कालवणात टाकून बघितली. म्हणते, अम्मा, रस्सा एवढा दाट कसा झाला हो? अस्सल हळदीचा जोरच तसा असतो, म्हटलं.

९ एप्रिल
अख्खी पुडी ओतली. इंजिन चांगलं तापवलं. खाली एक ठिपका नाही! एक! सुगतपालला मुद्दाम बोलावलं. त्याने गार झाल्यावर झाकण काढून हुंगलं आणि म्हणाला, अम्मे, भाताचा वास येतोय. धंदा बुडाला की माणसाचं नाकही बिघडतं.

१४ एप्रिल
नवं वर्ष. दूधभात केला, सणाचे गोड कवुम तळले, तीन करपले. खाली कोरडं. रुवन वाकून वाकून बघतो. बघ बाबा, बघ.

१९ एप्रिल, सकाळी ६:४१ चा मुहूर्त, दक्षिणेला तोंड करून निघायचं
गाडीचं तोंड उत्तरेला. रुवन म्हणाला, आता? म्हटलं, रिव्हर्स घेताना माझं तोंड मागे, म्हणजे दक्षिणेलाच. मुहूर्त साधला. बँकेत असलं शिकवत नाहीत.

१९ एप्रिल, दुपारी
गाडी थांबली नाही. मी थांबवली. तिसऱ्या वळणावर एवढी वाफ आली की रस्ताच दिसेना, मग चालवू काय? बॉनेटखालून पिवळं पिवळं काहीतरी बाहेर आलं, जाड, फदफद करत. रुवनने बोटावर घेऊन बघितलं. अम्मा, तांदळाचं पीठ आहे हे. हळद नुसती नावाला. मागे बस अडकली होती, तिचा कंडक्टर ओरडला, अम्मे, पेज शिजली असेल तर खोबऱ्याची चटणी आणू का? अख्खी बस हसली. मीही हसले, चांगलं बोलला. रुवन हसला नाही. नुसतं म्हणाला, कॅलेंडर.
मी सांगून टाकलं, कॅलेंडरवर थांबणं लिहिलंय, थांबवणं नाही.
दोरीला बांधून घरी आलो. उताराला काय छान पळते अजून!

२१ एप्रिल
जेवले नाही. करपलेले कवुम तेवढे खाल्ले.

२३ एप्रिल
वीरकोडी आला. पांढरे बूट. सुगतपालने इंजिन उघडूनच ठेवलं होतं. पाणी फिरायच्या सगळ्या वाटांत खळ बसून वाळलीय म्हणे, आणि वरचं हेड तडकलंय. वीरकोडीने दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, लग्नाला चालती गाडी लागते हो, ढकलत वरात कोण नेणार? चहासुद्धा न घेता गेला.
रुवन पायरीवर बसून राहिला. मग म्हणाला, राहू दे अम्मा. कुणी घेतच नाही.

म्हणजे जिंकले मी! यांच्या गाडीला हात लावायची छाती नाही झाली कुणाची. संध्याकाळी अर्धा तास तिच्यात बसून आले, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून. मी चालवताना हे शेजारी बसायचे त्या सीटवर कोंबडी बसली होती. बसू दे.
अक्काकडे जायचं तेवढं राहिलं. वर जाणारी सकाळची बस किती वाजता असते, दिल्हानीला विचारायचं. रुवनला नको.