फाटकाच्या आत

सोमवार, ३
राजदूतसाहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकीण म्हणून रुजू झाले! घरच्या स्वयंपाकघरात वळले तरी कोपर भांड्यांवर आपटतं. इथे नाचावं एवढी जागा. नोकरी भावोजींनी लावली. धाकटे दीर माझे, पोलीस, पहाऱ्याला याच फाटकाबाहेर. आत या, सूप वाढते, म्हणून चिडवलं तर गंभीर झाले. म्हणाले, साहेबांच्या परवानगीशिवाय पोलिसाला आत पाऊल टाकता येत नाही आणि साहेबांनी काहीही केलं तरी अटक करता येत नाही. माझ्या डब्यातली भाजी न विचारता फस्त करणारा माणूस मला नियम सांगतो!

गुरुवार, ६
माळ्याच्या हातून कुंडी फुटली. साहेबांनी कोट काढून खुर्चीवर नीट टांगला, बाह्या दुमडल्या आणि फावडं उचललं. पहिल्याच फटक्यात त्याचे दात उडाले. तो हात जोडत होता, साहेब मारत होते. मग ते माझ्याच नळावर हात धुवायला आले. चमचाभर सूप चाखून म्हणाले, मीठ बरोबर आहे.

शुक्रवार, ७
माळी मेला. साहेबांच्या खासगी रक्षकाने त्याला कुंपणाशी पुरलं. त्याच्या बायकोने तक्रार केली, म्हणून भावोजींचे वरिष्ठ फाटकावर आले. साहेबांनी हसून आत यायची परवानगी नाकारली. ते सलाम ठोकून परत गेले. मी पाहिलंय हे साहेबांना ठाऊक आहे.

शनिवार, ८
कचऱ्याचं निमित्त करून फाटकाशी गेले. सगळं सांगितलं. भावोजी पलीकडून पुटपुटले, वहिनी, फक्त बाहेर या, मग केसालाही धक्का लागू देणार नाही. पाऊल उचललं तोच रक्षकाने वेणी धरून मागे खेचलं. फरफटत नेलं. भावोजी गज धरून शिव्या घालत होते. पाय मात्र बाहेरच.

रविवार, ९
कोठारात कोंडलंय. वही कमरेला खोचलेली, म्हणून वाचली. रक्षकाने डावा हात दारात चिरडला. बोटं हलत नाहीत. साहेब विचारून गेले — बाहेर काय सांगितलंस. अंगात कोट नव्हता.

सोमवार, १०
भावोजींचा आवाज — आत! आले, देवा, आले!
ओरडताहेत, की वर्दी बाहेर काढून ठेवलीय, पोलीस नाही, दीर म्हणून वहिनीला न्यायला आलोय —
साहेब शांतपणे म्हणाले, मग तर तुझी चौकशी करायलाही कोणी येणार नाही —
फटीतून दिसतंय — रक्षक मागून — भावोजी, मागे —

दाराशीच पडलेत. फटीखालून बोटं आत आलीत. चिरडलेल्या हाताखाली धरलीत मी. अजून गरम आहेत. भावोजी, सोडणार नाही मी, सोड —
बाहेरून कडी काढताहेत —