गोल फ्रेमची काच

उन्मेष,

तुझा चष्मा आणि टेम्पोची किल्ली घेऊन चाललेय. शोधत बसू नकोस. निखळलेली काच तू घरीच दाबून बसवलीस. चष्मेवाल्यांना फोन केला, तर ते म्हणाले, सिलिंड्रिकल नंबर हाय, काच गोल फ्रेममध्ये जराशी फिरली तरी सगळं पसरट दिसतं. नीट बसवून आणते. तोवर कागलची खेप राहू दे की!

परवा टेम्पोनं गेट पाडलंस आणि दोष ब्रेकवर ढकललास. गॅरेजवाल्याला दाखवला, ब्रेक ठणठणीत हाय. अवंतिका गेटच्या आतच उभी होती, हातभर अंतरावर.

भाकरी झाकून ठेवलीय. पोरीला खाऊ देऊन गप्प करू नकोस. काल झोपताना मला विचारत होती, "आत्त्या, पप्पांना मी दिसत न्हाय व्हय?"

आक्का