चौकटीला दार

प्रिय वाल्मिक,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. दुबईत ते कधी पोचेल देव जाणे. जेवण झाल्यावर वाच, उपाशीपोटी तू कुणाचंच ऐकत नाहीस. शेवटच्या फोनवर तू म्हणालास, शनिदेवाच्या गावात आपल्या घराला दार लागलं तर मी उंबरा ओलांडणार नाही. ते माझ्या लक्षात आहे.

आई खाते-पिते. मला कधी ज्योती म्हणते, कधी रंगुबाई, म्हणजे तिची गेलेली बहीण. मी दोन्हीला ओ देते. सुप्याच्या कंपनीची फ्रेंच भाषांतरं आता घरूनच करते, एक डोळा कागदावर आणि एक तिच्यावर.

मध्यंतरी कंपनीचे एक फ्रेंच साहेब शिंगणापूरला आले होते. आपली रिकामी चौकट बघून बाहेरच थबकले. आईने ओळखदेख नसताना त्यांचा हात धरला, "लई दिसांनी आलास रं बाबा," म्हणाली आणि आपल्या ताटातली भाकरी त्यांच्यापुढे केली. साहेब मला हळूच म्हणाले, काँदर. म्हणजे निरागसपणाच, पण समोरचा आपलं वाईट करील ही शंकाही मनाला न शिवणारा. पुण्यात फ्रेंच शिकवणाऱ्या आमच्या बाई सांगायच्या, हा शब्द लेकरांना शोभतो, मोठ्या माणसाला लावला की त्यात थोडी कीव येते. आणि स्वतःबद्दल तो कुणी वापरत नाही. साहेबांच्या आवाजात कीव नव्हती. मला मात्र आली, आणि त्याची लाज वाटली.

त्याच आठवड्यात मी न्हाणीत असताना आई भरदुपारी निघून गेली. घोडेगावला हायवेच्या कडेला सापडली, कुणा भागवतच्या टेम्पोत बसलेली. माणूस भला होता, तिचं घर विचारत थांबला होता. मी ओरडले तर म्हणाली, "पोरगं बस म्हनलं, बसले." नंतर मला राग आला नाही, रडूही आलं नाही. तिला पाणी पाजलं, घरी आणलं, भात टाकला. तेव्हापासून मी सुन्नच आहे. कामं होतात, एवढंच.

वाल्मिक, मी दार लावलं. सागवानी आहे, बाहेरून कडी. गावातलं कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण आई एकदा अंगणात आली की आत जात नाही. पदर सावरून पायरीवर बसते, पाहुणी आल्यासारखी. मी दार सताड उघडून आत बोलावलं तर म्हणाली, "आसं कुनाच्या घरात शिरू न्हाई बाई. वाल्मिकचं घर हाय, त्यो आल्यावर जाऊ." रोज संध्याकाळी मी तिला उचलून आत नेते, आणि ती घरमालकाची माफी मागत राहते. तुझी शपथ मोडायला सांगायचं म्हणून हे पत्र. ये, आणि तिचा हात धरून आधी तू आत पाऊल टाक.

तुझीच,
ज्योतीअक्का