जाते म्हणायचं नसतं

६ जानेवारी, सोमवार

आजपासून दीप्ती कांबळे नोकरदार! गगनबावड्याहून सकाळच्या एसटीनं आले, राजारामपुरीतल्या खोलीवर बॅग टाकली आणि थेट ऑफिस गाठलं. दुसऱ्या मजल्यावर करिअर मार्गदर्शन केंद्र, खाली मिसळीचं दुकान. कटाचा वास वरपर्यंत येतो आणि लोकांचे बायोडेटा तपासताना माझ्या पोटात कावळे ओरडतात. येणाऱ्या पोरापोरींना कुठं पोहोचायचंय ते विचारायचं आणि तिथवरचा रस्ता आखून द्यायचा, हे माझं काम. माझा स्वतःचा रस्ता केव्हाच ठरलाय. इथं वर्षभर शिकायचं, मग कागलच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात एचआरला लागायचं आणि मग आईची रोजंदारी बंद करायची.

मालक हंबीरराव सर. आवाज असा, की समोरच्या इमारतीलाही सल्ला फुकट मिळतो. संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये सांगून निघायची पद्धत आहे. मी आपलं 'निघते सर' म्हणाले, तर केवढ्यानं खेकसले! निघते काय गं पोरी, येते म्हण की! मी लाजून 'येते' म्हणाले. घरी आईही हेच शिकवते. परक्या गावात कुणीतरी घरच्यासारखं ओरडलं, बरं वाटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

सर माणूस हुशार. नोकरी सोडताना दार आपटायचं नाही, जुन्या साहेबाशी गोड राहायचं, परत यायची वाट मोकळी ठेवायची, हे ते प्रत्येकाला सांगतात. एरवी कुणाचंच न ऐकणारी पोरंसुद्धा मान डोलावतात.

कोपऱ्यातल्या टेबलावर भाग्यश्रीताई बसते. माझ्या आधी आलेली असते आणि मी निघते तेव्हाही बसलेलीच. डबा पुढे केला की नुसती हसते, खात काही नाही. तू सरांची दत्तक लेक आहेस, असं मी तिला चिडवते. त्यावरही ती तेवढंच हसते. चहा-झाडलोट बघणाऱ्या अंजनाकाकू मात्र तिच्या टेबलावर कप ठेवत नाहीत. भांडण असेल दोघींचं.

१८ मार्च, मंगळवार

आजचं कसं लिहावं कळत नाही. सम्मेद नावाचा एक मुलगा आला. बहिणीसाठी अनुभवाचा दाखला हवा होता. बहीण आधी इथंच होती, नोकरी सोडून आता सांगलीला बँकेत आहे. नाव विचारलं तर म्हणाला, भाग्यश्री. मी हसून म्हणाले, मग तिलाच घेऊन जा की, ही काय मागे बसलीय.

तो वळला. दारात काढलेल्या चपला तशाच टाकून जिना उतरून पळाला. ताईनं मान वर केली आणि हसली.

सर केबिनमधून सगळं बघत होते.

२० मार्च, गुरुवार

अर्जावरचा नंबर बघून सम्मेदला फोन केला. त्यानं बहिणीकडे दिला. आवाज भाग्यश्रीताईचाच, पण आडात पडल्यासारखा खोल. ती ताई माझ्यासमोर कोपऱ्यात बसली होती आणि तीच मला फोनवर विचारत होती, मी तितं हाय न्हवं? जेवते काय गं मी?

मग सगळं सांगितलं. इथल्या शेवटच्या दिवशी तिनं पेढे वाटले, सरांच्या पाया पडली आणि 'येते' म्हणाली. तेव्हापासून ती येतेच आहे. सांगलीत उरलेली दिवसेंदिवस विरत चाललीय. शेजारणी ओळखत नाहीत. मधे आक्का म्हणून आईला हाक मारली तर आईनं दार लावून घेतलं. मला एकच सांगितलं. निघशील तवा जाते म्हण. फकस्त जाते.

मला फार भीती वाटतेय.

१० एप्रिल, गुरुवार

कागलची नोकरी मिळाली! पण इथून रीतसर मोकळं केल्याचं पत्र हवं, म्हणजे महिनाअखेरपर्यंत यावं लागणार. रोज 'येते' म्हणताना जीभ जड होते. पण रोजचं खरंच ठरतं, कारण मी दुसऱ्या दिवशी येतेच. प्रश्न शेवटच्या दिवसाचा आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. तिथला पहिला पगार हातात ठेवूनच सांगेन.

खोलीवर आरशासमोर म्हणून बघते. जाते. जाते सर. किती अभद्र वाटतं ते.

३० एप्रिल, बुधवार

म्हणाले. केबिनमध्ये उभी राहून मोठ्यानं म्हणाले, जाते सर. ते ओरडले नाहीत. बरं म्हणाले आणि पत्र दिलं.

जिन्यात अंजनाकाकू उभ्या होत्या. माझ्यासाठी रव्याचे लाडू करून आणले होते. डोळे भरलेले. जपून ऱ्हा गं लेकरा, म्हणाल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

आणि मी म्हणाले, येते काकू.

तोंडातून गेलंच. आईनं लहानपणापासून लावलेली सवय. काकूंनी तोंडावर पदर दाबून धरला. वर पाहिलं तर कठड्याशी सर उभे.

५ मे, सोमवार

कागलला हजेरीचं मशीन माझा अंगठा घेत नाही. सगळ्यांचा घेतं. फाटकावरचा माणूस रोज नव्यानं विचारतो, कोण तुम्ही. आज साहेबांनीही विचारलं.

९ मे, शुक्रवार

आईचा फोन. बुद्धपौर्णिमेच्या खरेदीला कोल्हापुरात आली होती, म्हणून वर ऑफिसात डोकावली. मी खिडकीजवळच्या टेबलावर होते म्हणे. तिनं आणलेली भाकरी ठेवून घेतली, खाल्ली नाही, पण किती गोड हसलीस गं, म्हणाली. तब्येत सुधारलीय म्हणाली.

मी किंचाळले, आई, ती मी नाही!

ती म्हणाली, कोण बोलतंय?

१४ मे

कागलला माझ्या खुर्चीवर दुसरीच मुलगी. म्हणे ही जागा रिकामीच होती, कुणी रुजूच झालं नव्हतं. नेमणुकीचं पत्र दाखवलं— त्यांनी वाचलं, परत दिलं, आणि लगेच विचारलं, काय काम होतं?

आई फोन उचलत नाही. उचलला तर—

मला माझं परत आणायला हवं.

१६ मे

ऑफिसच्या बाकावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर राहणार नाही काही—

सर बाहेर आले. मी म्हटलं, सर, मी. त्यांनी नीट पाहिलं, आणि मोठ्या अगत्यानं— या पावणं, बसा की. कुणाला भेटायचंय?

पावणं. मला.

काकू पाणी घेऊन आल्या. बाकावर कुणी नाही असं बघून परत गेल्या.

आता ती आली. माझाच निळा ड्रेस. माझी वेणी. प्रेमानं बोलतेय, नाव विचारतेय. म्हटलं सांगते— दी— आईनं ठेवलेलं, उजेडाचं काहीतरी— ती म्हणतेय घाई नाही, आठवेल. आठवतंय. माझं नाव दी