घुम्याचा आवाज

दि. ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. बातमी चांगली असती तर लगेच कळवली असती, म्हणून उत्तर रेंगाळलं. आमच्या ट्रॅव्हल कंपनीचं तिकीट काउंटर बंद होतंय. लोक आता घरबसल्या मोबाइलवर तिकिटं काढतात, माझ्या काचेपाशी येतात ते पत्ता विचारायला. परवा मालकीणबाईंनी बोलावून सांगितलं, की इतकी वर्षं इमानाने काम केलंस म्हणून तुला घालवत नाही, पण यापुढे सहली घेऊन जायचं. बसमध्ये माइकवर बोलायचं, गावं दाखवायची, अधूनमधून लोकांना हसवायचंसुद्धा.

मी, आणि लोकांना हसवणार. चार माणसांत स्वतःचं नाव सांगताना मला घाम फुटतो हे तुला ठाऊक आहे. काचेमागे बरं असतं. कुठे जायचंय, कधी जायचंय एवढंच विचारायचं आणि तिकीट खालून सरकवायचं. सगळ्या गाड्यांच्या वेळा मला पाठ आहेत, पण त्या माइकवर सांगायच्या म्हटल्या की बोबडी वळते. समोरच्या औषधांच्या दुकानात हिशेब बघायला माणूस हवाय. तिकडेच जावं म्हणतो. तुझा विचार कळव.

डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र वापर गं. डबीत ठेवून ते कोणाला ऐकू येणार?

माया आहे तशी राहू दे, घुम्या म्हणायचं मात्र आता तरी सोड.

तुझा,
धाकटा

दि. १५ जानेवारी

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

घुम्या म्हणायचं सोडणार नाही. पाहुणे आले की कपाटाआड जाऊन बसणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं?

औषधांच्या दुकानात जाऊ नकोस. एका काचेमागून उठून दुसऱ्या काचेमागे बसशील, एवढंच होईल. अर्ध्या गावाला तू जग दाखवलंस आणि स्वतः स्टेशनच्या पलीकडे क्वचित गेलास. आता कोणी हात धरून बाहेर काढतंय तर हातपाय गाळू नकोस. भीती वाटेल, वाटू दे. मी पहिल्यांदा दुसऱ्याचं कापड कापायला घेतलं तेव्हा कात्री लावायच्या आधी चारदा माप घेतलं होतं, आणि आज शिवणावरच माझं घर चाललंय.

आता माझ्या मनातलं सांगते. हे गेले त्या वर्षी तू येऊन गेलास, त्यानंतर मी तुला पाहिलेलं नाही. आणि तुझा आवाज तर त्याच्याही आधीपासून ऐकलेला नाही. फोन घेतला की नुसती गुणगुण. माझे कान गेलेत हे खरं, पण तूही तोंडातल्या तोंडात बोलतोस. शेजारच्या मास्तरीणबाई एकेक शब्द सोडून बोलतात, त्यांचं मला बरंचसं कळतं. यंत्र घातलं तर ताटवाट्यासुद्धा अंगावर धावून येतात, म्हणून ते डबीत आहे. मशीनवर बसल्या बसल्या कधीकधी मी तुझा आवाज आठवायचा प्रयत्न करते. आईचा आठवतो, ह्यांचा आठवतो. तुझा आठवत नाही. जिवंत माणसाचा आवाज आपल्याला आठवू नये याचं फार वाईट वाटतं रे.

मी तिकडे यायचं म्हटलं तर स्टेशनवर काय पुकारतात ते कळत नाही. मागच्या वेळी भलत्याच गावी उतरून बसले होते, ते तू विसरला नसशील. तेव्हा हिंडायचं ते तूच. सहली घे. कधीतरी एखादी माझ्या गावावरून जाईल.

जेवणखाण वेळेवर कर आणि माझ्या रागालाही माया समज.

तुझी,
ताई

दि. २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं, आणि पहिल्याच सहलीत शोभा करून घेतली. बस सुटल्यावर उभा राहिलो, डोळे मिटून सगळी ओळख घडाघडा बोलून टाकली, मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. मग पुढच्या बाकावरच्या बाईंनी हळूच सांगितलं, की माइक चालू करायचा राहिलाय. सगळी बस हसली. मालकीणबाईंनी सांगितलेलं एक काम तरी झालं म्हणायचं.

सध्या आमच्या सर्वांत जुन्या टूर मॅनेजरच्या हाताखाली शिकतोय. त्यांना सगळे काका म्हणतात. ते रोज दुपारी मला रिकाम्या बसमध्ये उभं करतात आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन डुलक्या काढतात. माझं बोलणं नीट पोचलं नाही की तिथूनच हात हलवतात. एक वाक्य, मग श्वास, मग दुसरं वाक्य. मी विचारलं, बोलताना समोर कोण आहे असं समजू? तर म्हणाले, घरात तुझं कधीच ऐकून न घेणारं जे माणूस असेल, ते. तेव्हापासून मी तुझ्याशी बोलतो. हसू नकोस, जमायला लागलंय.

आता खरी गोष्ट. मला पहिली मोठी सहल मिळाली आहे आणि ती १२ एप्रिलला तुझ्या गावावरून जाते. वाचून तुला काय वाटलं असेल ते मला कळतं, म्हणूनच पुढचं लिहायला जिवावर येतंय. आमचा तिथे मुक्काम नाही. जेवण वाटेत उरकून दुपारी पोचायचं, संग्रहालय आणि जुना पूल दाखवायचा, की उन्हं उतरायच्या आत बस पुढे. माणसं सोडून मला हलता येत नाही, आमच्या धंद्यात ते चालतच नाही. पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन आम्ही मागे फिरणार, आणि तुझं घर पुलापलीकडे. तिथून खिडकी दिसते का गं? दिसली तर मी बघेन.

माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण गप्प बसू नकोस.

तुझा,
धाकटा

दि. २ एप्रिल

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

खिडकी दिसत नाही. मध्ये पाण्याची टाकी येते.

रागावले होते. दोन दिवस मशीनला हात लावला नाही. इतक्या वर्षांनी भाऊ गावात येणार, आणि त्याला एक कप चहासुद्धा करून द्यायचा नाही? मग विचार केला, तू माझ्याकडे येऊ शकत नाहीस तर मीच तुझ्या गिऱ्हाइकांत येते. मालकीणबाईंना विचारून ठेव. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर निळी छत्री घेऊन उभी असेन. ताई आहे म्हणून कोणाला सांगू नकोस, लाजून अडखळशील. मला तुझं काही ऐकू येणार नाही, ते आधीच धरून चालले आहे. डोळे भरून बघेन, तेवढं पुरे.

बाकी सगळं भेटीत.

तुझी,
ताई

दि. १३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

केस पांढरे झालेत ते कधी पत्रात लिहिलं नाहीस. झेंडा उंच धरून तू कोपऱ्यावरून वळलास तेव्हा मी आधी तुझ्या मागे तुलाच शोधत होते.

तू जवळ आलास, तुझ्या माइकवरचं बोलणं बिनतारी कानात आणणारा, सगळ्यांना दिलेला छोटा इयरफोन माझ्या हातात दिलास आणि त्याचा आवाज पूर्ण वाढवलास. मी घालणार नव्हते. बाकीच्यांनी घातला म्हणून घातला. मग तू कॉलरवरच्या माइकमध्ये विचारलंस, की सगळ्यांना ऐकू येतंय का, येत असेल तर हात वर करा. सगळ्यांनी हात वर केले. मी केला नाही, माझा हात उचलेना. तू सावकाश, एकेक शब्द सोडून बोलत होतास आणि तो माझ्या कानात स्पष्ट येऊन पडत होता. तुझा आवाज बाबांचा झालाय. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला आता आपल्या दोघांशिवाय उरलंय कोण?

संग्रहालयात तू काय दाखवलंस ते विचारू नकोस, मी काही पाहिलं नाही. पुलावरून मी वर्षानुवर्षं दोरे-बटणं आणायला जाते, पण बांधताना तो दोनदा वाहून गेला होता हे काल कळलं. पुलापाशी फळबाजार भरतो म्हणालास, तो मात्र तिथून कधीच हलला आहे. चारचौघांत बोलले नाही, पुढच्या वेळी सुधार. तुझ्या बोलण्यावर सगळे हसले तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. तू माझा भाऊ आहेस हे अगदी ओठांवर आलं होतं.

आपण दोघं म्हणून काहीच बोललो नाही. कोणाला पाणी हवं, कोणाचा चष्मा राहिला, तू सारखा त्यांच्यामागे. बसपाशी माझ्या खांद्यावर हात ठेवलास, तेवढंच. तू सगळ्यांचे इयरफोन पिशवीत गोळा केलेस, माझा राहिला. बस निघाली आणि मी तो काढणार, तेवढ्यात कानात तू मला ताई म्हणालास.

बस सिग्नलला उभी होती. इयरफोन राहू दे तुझ्याकडे, म्हणालास. रस्ता दोन्ही बाजूंना बघून ओलांड, मागून येणारी गाडी तुला ऐकू येत नाही, म्हणालास. मी रस्त्यात उभ्या उभ्या हो हो म्हणत होते. मग बस हलली. ताई, खरं म्हणजे मला, एवढं आलं आणि पुढे नुसती खरखर. मी बसमागे चालत गेले. पळालेसुद्धा, या वयात, निळी छत्री घेऊन. लोक बघत होते, बघोत. खरखर काही थांबली नाही.

रात्रभर ते वाक्य मी पुरं करत बसले होते. खरं म्हणजे मला काय? दर वेळी वेगळंच निघतं. पण ते लिहून पाठवू नकोस. तुझी पत्रं वाचताना मला माझाच आवाज ऐकू येतो.

प्रेम आहेच, ते कागदावर आलं तरी चालेल. ते वाक्य मात्र येऊन सांग.

तुझी,
ताई